खुरटणं: दुकानाच्या काउंटरवर आणि अंगणवाडीत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाळवा तालुक्यात रस्त्याकडेला आमचं घर आहे. पुढच्या खोलीत माझं खता-बियाण्याचं दुकान, मागच्या गल्लीत अंगणवाडी. तिथं आमच्या सौ. बावीस वर्षं सेविका आहेत. सकाळी कोणीतरी काउंटरवर उसाचं कांडं टाकतो आणि म्हणतो, "आण्णा, वाढच थांबलीय, काय सोडू सांगा." दुपारी त्याच घरची सून पोराला काखेत घेऊन अंगणवाडीत उभी असते, "बाई, पोरगं अंगच धरंना झालंय, काय चारू?" रात्री जेवताना आम्ही दिवसभराचे प्रश्न एकमेकांना सांगतो, तेव्हा पुष्कळदा कुठला कोणाचा तेच कळत नाही. म्हणून एकत्र लिहून ठेवले. उत्तरं तोंडी देतो तशीच आहेत, काही लांबलेली, काही एका ओळीची.

बुटकं आणि खुरटलेलं यात फरक काय? दोन्ही लहानच की.

बुटक्याचा मुळातला बेतच लहान असतो. खुरटलेल्याचा बेत मोठा होता, पण तिथवर पोचता आलं नाही. हा फरक नीट कळला तर निम्मे प्रश्न आपोआप मिटतात.

गव्हाचं बघा. जुने गहू छातीला लागायचे. खत घातलं की आणखी वाढायचे आणि एका वळवाच्या वाऱ्यात लोळायचे, दाणे मातीत. मग नोरिन-१० नावाच्या जपानी बुटक्या गव्हाचा गुण घेऊन अमेरिकी शास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग यांनी मेक्सिकोत ठेंगण्या जाती तयार केल्या. १९६६ साली भारतानं तिथून १८,००० टन बियाणं आणलं. तो गहू मांडीएवढाच, पण खत पचवायचा आणि उभा राहायचा. काडात जाणारी ताकद ओंबीत गेली. त्याला खुरटलेला कोण म्हणेल?

द्राक्षवाल्यांना हे पटकन समजतं, कारण ते जीए, म्हणजे जिबरेलिक ॲसिड हे वाढीचं संप्रेरक, वापरतात. तासगावकडं मणी लांबवायला घडांना जे देतात, तेच संप्रेरक प्रत्येक झाडाच्या अंगात मुळातच असतं. बुटक्या गव्हातही ते असतं, फक्त त्याला ते ऐकू येत नाही. या जीएचा शोधही मजेशीर आहे. भातावर एक बुरशी यायची आणि रोपं वेड्यासारखी उंच होऊन मरायची. कुरोसावा या जपानी शास्त्रज्ञानं १९२६ साली दाखवून दिलं, की बुरशीतून पाझरणाऱ्या द्रव्यानंच हे होतं. म्हणजे उंच होणं हासुद्धा रोग असू शकतो.

रानात ओळखायची खूण सांगतो. बुटकी जात सगळीकडं सारखी बुटकी असते, पान-फूल-दाणा प्रमाणात असतो. खुरटलेलं पीक गोधडीच्या ठिगळांसारखं दिसतं. इथं कमरेएवढं, चार पावलांवर गुडघ्याएवढं.

कासला, महाबळेश्वरला एवढा पाऊस. मग तिथली झाडं अशी खुजी, वाकडी का?

साताऱ्याच्या पाहुण्यांकडून परतताना हा प्रश्न हमखास येतो. पाऊस भरपूर म्हणजे पाणी भरपूर असं नाही. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण जवळजवळ सगळा चार महिन्यांत. उरलेले आठ महिने कोरडे. वरचा थर जांभ्याचा, भोकाभोकांचा. पाणी चाळणीतून जावं तसं जातं. कासच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, माती काही इंच, काही ठिकाणी तेवढीही नाही. मूळ खाली गेलं की खडकाला टेकतं. त्यात पावसाळ्यातला वारा. कड्याच्या बाजूचे कोंब वारा दर वर्षी मारतो, म्हणून झाड एका अंगाला झुकलेलं दिसतं.

महाबळेश्वरच्या रानात जांभूळ, अंजनी, हिरडा अशी झाडं आहेत. त्यातलं जांभूळ आपल्याकडं कृष्णाकाठी बघा, खोडाला दोघांनी कवळ घालावी लागते. तेच जांभूळ वर माथ्यावर जेमतेम घराच्या आढ्याएवढं, अंगभर शेवाळ आणि आमरी (ऑर्किड). बी तेच, जागा वेगळी. हे खुरटणं.

पण त्याच कासवरची टोपली कारवी घ्या. उलटी टोपली ठेवावी तसं गोल, बसकं झुडूप. वारा वरून निघून जातो. सात-आठ वर्षं ती नुसती जगते आणि मग एका पावसाळ्यात सगळी एकदम निळी-जांभळी फुलते, बी टाकते आणि मरते. हिचा बेतच तेवढा. तसंच दवबिंदूचं आणि सीतेच्या आसवांचं. बोटभर रोपटी, जमिनीत नत्र नाही म्हणून किडे धरून खातात. एकानं मला विचारलं होतं, "तिथं युरिया फेकला तर?" तर गवत माजेल आणि ही रोपटी गुदमरून जातील. त्यांना खताची नाही, मोकळीकीची गरज आहे. २०१२ साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात कासचं नाव लागलं ते या बोटभर रोपट्यांमुळं. फोटोसाठी त्यांच्यावर आडवं झोपणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

खोडवा दर वर्षी आखूड पडत चाललाय. खत तर वाढवलंय.

खोडवा म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेलं पीक. माझं दुकान खताचं आहे, तरी सांगतो, आधी खत थांबवा आणि बेणं, म्हणजे लावायच्या कांड्या, तपासा.

उसाला एक रोग आहे, खोडव्याचा खुजेपणा. कारण एक सूक्ष्म जिवाणू. तो उसाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांत बसतो. पानावर डाग नाही, पिवळेपणा नाही, वास नाही. फक्त कांड्या आखूड, ऊस बारीक, आणि लागणीपेक्षा खोडवा, खोडव्यापेक्षा निडवा (त्याच्या पुढचं पीक) वाईट. शेजारी निरोगी ऊस नसेल तर आपला खुरटलाय हे कळतच नाही. १९४०च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये तो पहिल्यांदा ओळखला गेला, त्याआधी माणसं जमिनीलाच दोष देत होती. आपल्याकडं अजून देतात.

काउंटरवर मी काय करतो सांगतो. पक्व उसाचा बुडख्याकडचा भाग घ्यायचा. धारदार चाकूनं पेऱ्याजवळ तिरका, पातळ काप घ्यायचा, सुपारीचा काढतो तसा. उजेडात धरायचा. पेऱ्याच्या खालच्या अंगाला टाचणीनं टोचल्यासारखे केशरी-लाल ठिपके, स्वल्पविरामाएवढे, दिसले की माझा संशय पक्का होतो. ठिपके नाहीत म्हणून रोग नाही असं मात्र नाही. खात्री प्रयोगशाळेतच होते.

उभ्या उसाला औषध नाही, कोणी बाटली दिली तर घेऊ नका. हा रोग पसरतो बेण्यातून आणि कोयत्यातून. एका रोगट बुडख्यावर चाललेला कोयता पुढच्या बुडख्यांना तो देत जातो. उपाय बेण्यावरच होतो: ५४ अंशाची दमट गरम हवा ४ तास, किंवा ५० अंशाचं गरम पाणी २ तास. हे घरच्या हंड्यात करायचं काम नाही. दोन अंश चढले की डोळा मेला आणि दोन उतरले की जिवाणू जगला. म्हणून प्रक्रिया केलेलं पायाभूत बेणं किंवा टिश्यू कल्चरची रोपं घ्या. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि फलटण तालुक्यातलं पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र ही त्याची खात्रीची ठिकाणं. तीन-चार वर्षांनी बेणं बदला. पाहुण्याच्या फडातून मोळी उचलून आणायची सवय सोडा.

उसाचं बेट गवताच्या जुडीसारखं, पांढरट बारीक फुटव्यांचं झालं असेल तर तो वेगळा रोग, गवताळ वाढ. ते बेट मुळासकट उपटून जाळा.

नदीकाठचं रान, पाणी बारमाही, तरी ऊस गुडघ्याच्या वर जाईना.

पाणी बारमाही आहे हेच कारण. वाळवा, पलूस, मिरज या पट्ट्यात पाट भरभरून पाणी देऊन किती काळ्या जमिनी पांढऱ्या पडल्या ते डोळ्यांनी दिसतं. खालचं पाणी वर येतं, उन्हानं उडतं, मीठ मागं राहतं. मुळाशेजारी पाणी असूनही त्याला ते ओढून घेता येत नाही.

माती तपासून घ्या, कारण खारवट आणि चोपण वेगळ्या. क्षारता (ईसी) ४ च्या वर आणि सामू (पीएच) ८.५ च्या आत असेल तर ती खारवट, तिला निचरा आणि धुवून काढणं पुरतं. सामू ८.५ च्या वर आणि माती ओली असताना साबणासारखी, वाळली की दगडासारखी, तर ती चोपण. तिथंच जिप्समचा उपयोग. निचरा न काढता जिप्सम टाकणं म्हणजे मोरीचं भोक बुजवून न्हाणी धुणं. चर काढा किंवा सच्छिद्र पाइप गाडा. मध्ये धैंच्याचं हिरवळीचं खत घ्या. आणि वाफसा येऊ द्या हो, चिखलात मूळ श्वास कुठनं घेणार?

जस्त, झिंक म्हणतात ते नक्की काय करतं? पोरालाही तेच, पिकालाही तेच कसं?

हा प्रश्न एका म्हाताऱ्या आत्यांनी विचारला होता. नातवाला जुलाब झाले म्हणून आशाताईंनी झिंकच्या गोळ्या दिल्या आणि मुलगा माझ्याकडून झिंक सल्फेटची पिशवी घेऊन गेला. त्यांना वाटलं, आम्ही दोघांनी मिळून काहीतरी घोळ घातलाय.

घोळ नाही. पेशी दुभंगून दोनाच्या चार व्हायला जस्त लागतं, मग ती द्राक्षाच्या शेंड्यातली असो की पोराच्या हाडाच्या टोकातली. जस्त कमी पडलं की शेंड्याची पानं बारीक राहतात, पेरं जवळजवळ येतात. आपल्याकडच्या चुनखडीच्या जमिनीत जस्त असतं पण अडकून बसतं. उसाला एकरी ८ किलो झिंक सल्फेट, दसपट शेणखतात पाच-सहा दिवस मुरवून द्या. सुपर फॉस्फेट किंवा डीएपीबरोबर एकत्र कालवू नका, दोघांचं पटत नाही.

माणसाचं जस्त कळायला सुरुवात झाली ती १९५८ साली, इराणात. मूळचे बिहारमधल्या बक्सरचे डॉ. आनंद प्रसाद तेव्हा शिराझला होते. त्यांच्यापुढं २१ वर्षांचा एक तरुण आला, दिसायला दहा वर्षांचा. दाढी नाही, मिसरूड नाही. असे आणखी निघाले. सगळ्यांचं जेवण म्हणजे जवळजवळ नुसती न आंबवलेली गव्हाची रोटी, आणि माती खायची सवय. धान्याच्या कोंड्यातलं फायटेट जस्ताला धरून ठेवतं आणि ते पोटातून तसंच बाहेर जातं. पुढं जस्त दिल्यावर अशा तरुणांची उंची वाढली, ते वयातही आले.

आता आत्यांच्या घरचं. आंबवलं, भिजवून मोड आणले की हे फायटेट कमी होतं. ज्वारीची आंबील, मोडाची मटकी, मोडाचे हुलगे या गोष्टी आपल्याकडं होत्याच. पोरं आता बिस्किटाच्या पुड्यावर आली आहेत. जुलाबात झिंकची गोळी १४ दिवस द्यायची असते, रोज २० मिलिग्रॅम. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला १०. बरोबर ओआरएस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले म्हणून गोळ्या फळीवर ठेवून देऊ नका.

मूल खुरटलंय हे बघून ओळखू येतं का?

नाही, आणि सगळा घोटाळा तिथंच आहे. वाळलेलं मूल दिसतं, त्याच्या बरगड्या दिसतात, आजी घाबरते. खुरटलेलं मूल चांगलं गुटगुटीत असू शकतं. चार वर्षांचं पोर तीन वर्षांच्या निरोगी पोरासारखं दिसतं आणि लोक कौतुक करतात, "एवढंसं आहे पण काय चुरूचुरू बोलतंय!" बोलणारच, चार वर्षांचं आहे ते.

म्हणून मोजावं लागतं. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला फळीवर झोपवून: एकीनं डोकं वरच्या पाटीला टेकवून धरायचं, दुसरीनं गुडघे हलके दाबून तळवे खालच्या पाटीला लावायचे. बाळ रडतं, आई म्हणते राहू द्या. राहू द्यायचं नाही. दोन वर्षांवरच्याला उभं करून: टाचा, ढुंगण, खांदे, डोकं मागं टेकलेलं, नजर समोर, वेणी-क्लिप काढलेली. झोपवून घेतलेली लांबी उभ्या उंचीपेक्षा साधारण ०.७ सेंटिमीटर जास्त भरते, त्यामुळं एकीचं माप दुसरीच्या रकान्यात गेलं की मूल उगाच खुरटलेलं किंवा उगाच बरं ठरतं. आणि जन्मतारीख नीट सांगा. "बेंदराच्या आसपास झाला" यावर महिने मोजता येत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेनं २००६ साली दिलेल्या मापात, वयाच्या मानानं उंची मध्यापासून दोन एसडीच्या (प्रमाणित विचलन, म्हणजे मुलांमुलांतल्या नेहमीच्या फरकाचं माप) खाली असेल तर मूल खुरटलेलं. ढोबळ लक्षात ठेवायला: दोन वर्षांचा मुलगा उभा मोजला तर सुमारे ८७ सेंमी असतो, ८१च्या खाली गेला तर काळजी. पाच वर्षांचं मूल ११०च्या आसपास असतं, शंभरीच पार झाली नसेल तर काळजी. दंडघेराची रंगीत टेप वेगळं सांगते, ती वाळण्याची, ११.५ सेंमीच्या खाली आली तर मात्र त्याच दिवशी हलायचं.

आपल्या गावात असं नसतं, हे ते आदिवासी भागात, असं म्हणणारे माझ्या दुकानात रोज भेटतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २०१९-२१ साली महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं खुरटलेली निघाली. त्याआधीच्या फेरीत, २०१५-१६ला, हा आकडा ३४.४ होता. म्हणजे दर तीन पोरांत एक, आणि सुधारणा नाही.

आम्हीच नवरा-बायको बुटके, पोरगं कुठनं उंच होणार?

अंदाज काढता येतो. आई-बापांच्या उंचीची बेरीज, मुलगा असेल तर त्यात १३ सेंमी मिळवायचे, मुलगी असेल तर वजा करायचे, आणि दोननं भागायचं. बाप १६३, आई १५०, तर मुलगा १६३च्या आसपास, आठेक सेंमी इकडं-तिकडं.

पण या हिशेबात एक खोट आहे. आई-बाप स्वतः बुटके की खुरटलेले, हे त्यात कुठं कळतं?

माझा जन्म १९७१चा, आटपाडीकडच्या एका वाडीतला. पुढच्याच वर्षी दुष्काळ. आई मला पाटीत निजवून दुष्काळी कामावर खडी फोडायची. घरात मिलो, ती परदेशातनं आलेली तांबडी ज्वारी, आणि वाटपाची सुकडी. धाकटा भाऊ १९७७चा. तोवर विहिरीला पाणी होतं, दारात एक म्हैस होती. आज आम्ही एका चौकटीत उभे राहिलो तर तो माझ्यापेक्षा चार बोटं वर आहे. आई तीच, वडील तेच. आता माझ्या दोन्ही पोरी माझ्या खांद्यावरून बघतात. लोक म्हणतात आईच्या वळणावर गेल्या. त्यांची आई माझ्यापेक्षा बुटकी आहे!

पोरगं खातं भरपूर, पण अंगाला लागत नाही.

आधी जंत बघा. फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये शाळा-अंगणवाडीत गोळी देतात, ती चुकवू नका. मग पाणी आणि हात. वारंवार पोट बिघडणाऱ्या मुलाच्या आतड्याचं अस्तर झिजतं, वरून ओता, आत मुरत नाही. गव्हाची ॲलर्जी म्हणतात तो सिलिॲक आजारही असतो, ते डॉक्टर बघतील.

एवढं करूनही लागत नसेल तर घरात जेवताना काय चालतं ते बघा. एल्सी विडोसन या आहारशास्त्रज्ञ बाईंनी महायुद्धानंतर जर्मनीतल्या दोन अनाथाश्रमांतल्या मुलांची वजनं-उंच्या घेतल्या आणि १९५१ साली निष्कर्ष छापला. एका आश्रमाला सहा महिन्यांनी जादा पाव, मुरांबा, संत्र्याचा रस सुरू केला. उलटंच झालं, तिथली मुलं कमी वाढली. शोधलं तेव्हा कळलं, नेमकी त्याच सुमाराला एक कडक बाई तिथं मुख्य म्हणून आली होती. ती जेवणाच्या वेळीच मुलांना उभं करून बोलायची. तिची लाडकी जी थोडी मुलं होती, ती मात्र चांगली वाढली.

ताट पुढं ठेवून अभ्यास विचारणाऱ्या बापांना मी ही गोष्ट सांगतो. मीही तेच करायचो.

डब्यातली पावडर दिली तर उंची वाढेल?

नाही. त्या पैशात अंडी आणा.

काय चारू, याचं सौं.चं उत्तर ठरलेलं आहे. सहा महिने पूर्ण झाले की उष्टावण थाटात करता, मग दुसऱ्या दिवसापासून वरणाचं पाणी का? पाणी नको, वरण द्या. चमचा तिरका केला तरी ओघळू नये इतकं दाट. त्यात चमचाभर तेल किंवा तूप, शेंगदाण्याचं बारीक कूट, अंड्याचा बलक. पोट लिंबाएवढं, म्हणून थोडं थोडं, दिवसातनं चार-पाच वेळा. अंगावरचं दूध दोन वर्षं.

मी तंबाखू खात नाही, नुसती मिश्री लावते. पोटातल्या बाळाला काय होणार?

लावली तरी हिरडीतून आत जातेच, म्हणून तर न लावता डोकं दुखतं. मिश्रीही तंबाखूच. बाळाचं वजन जन्मालाच कमी भरतं, आणि अडीच किलोच्या खाली जन्मलेलं बाळ शर्यतीत दोन पावलं मागून सुटतं. सासू लावते म्हणून सून लावते. सांगायचं असेल तर दोघींना एकत्र बसवून सांगावं लागतं.

सोळाव्या वर्षी लग्न झालेली पोर. बाळ बारीकच झालं. असं का?

कारण ती स्वतः अजून वाढत होती. एका अंगात दोन वाढी, घास एक. लग्न अठराच्या आत लावणं गुन्हा आहे, हे गावाला माहीत आहे आणि पत्रिकाही छापून येतात.

दोन वर्षं उलटून गेली. आता करून काही उपयोग?

उसाची बाळबांधणी आठवा. सहा ते आठ आठवड्यांत नत्राचा मोठा हप्ता देऊन हलकी माती लावतो, कारण तेव्हा फुटवे ठरतात. तो हप्ता चुकला आणि सहाव्या महिन्यात दुप्पट दिला, तर आहेत ते ऊस जाड होतील, पण राहिलेले फुटवे माघारी येणार नाहीत.

पोराचं पोटातले नऊ महिने आणि पुढची दोन वर्षं, मिळून हजार दिवस. पहिल्या वर्षात बाळ २५ सेंमी वाढतं, दुसऱ्यात १२, नंतर वयात येईपर्यंत वर्षाला पाच ते सात. दुसऱ्या वर्षात हुकलेले पाच सेंमी म्हणजे पुढच्या जवळजवळ एका वर्षाची कमाई. तरीही उपयोग आहे. दोनच्या पुढंही मुलं काही अंशी भरून काढतात, वयात येताना पुन्हा एक संधी मिळते. उंची नाही आली तरी रक्त, ताकद, अभ्यास यांत फरक पडतो. मुलगी असेल तर तिच्या बाळातही पडतो.

आम्ही बीडकडचे, ऊसतोडीला आलोय. इथल्या अंगणवाडीत पोराला घेतील का?

हो. मूल जिथं असेल तिथं त्याला आहार मिळतो. लसीकरणाचं कार्ड असेल तर बरं, नसेल तरी या. यादीत नाव नाही म्हणून एका हंगामात एका बाईला एका ठिकाणाहून माघारी पाठवलं होतं. तसं झालं तर तिथल्या पर्यवेक्षिकेचं नाव विचारा.

आमच्याकडून एवढंच, की हा प्रश्न विचारायला येणारी फार थोडी असतात. टोळी पहाटे चारला फडात जाते. लहानगं उसाच्या गाडीखाली झोळीत, दुसरं कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीवर, आठ वर्षांच्या बहिणीकडं. दुपारपर्यंत कोरडी भाकरी. हंगाम पाच महिन्यांचा, म्हणजे हजारातले दीडशे दिवस. दोन हंगाम झाले की तीनशे. सौ. संध्याकाळी टेप घेऊन कोपींवर जाते, कारण दिवसा तिथं कोणी नसतं. आमच्या तालुक्यात उसाला टिश्यू कल्चरचं रोप आहे, ठिबक आहे, पानाचं परीक्षण आहे. तो ऊस तोडणारीच्या पोराचा दंड मोजायला मात्र अंधारात टॉर्च धरावी लागते. टॉर्च मी धरतो.

कालवड वर्षाची झाली तरी वासरासारखीच दिसते.

जन्मल्यावर तासा-दोन तासात चीक पाजला होता का? "जार पडल्यावर पाजला" म्हणत असाल तर तिथंच चुकलं. आता जंताचं औषध, खनिज मिश्रण, हिरवा चारा. जनावर बरंच भरून काढतं. माजावर येण्याचं वय पुढं जाईल एवढं धरून चाला.

बोन्साय म्हणजे खुरटवणंच की?

हो, पण काळजीनं. मुळं छाटायची, कुंडी उथळ, शेंडा खुडायचा. पानं बारीक होतात, फळ मात्र फारसं लहान होत नाही. वामनवृक्षाच्या चिंचेला पुरती चिंच लागलेली बघितली आणि मला कसंसंच झालं. आवडणाऱ्यांनी करावं.

मोठ्या झाडाखाली रोप वाढत नाही, तसं माणसाचंही असतं का?

झाडाचं आधी नीट सांगतो. सावलीतलं रोप पहिल्यांदा खुरटत नाही, उलट उजेडासाठी किडकिडीत उंच होतं आणि मोडतं. बांधावरच्या निलगिरीशेजारी पीक बारीक राहतं ते सावलीपेक्षा मुळांमुळं. पाणी ती पळवते.

माणसाचं म्हणाल तर माझ्याकडं एक गिऱ्हाईक आहे, वय चाळीस, दोन पोरांचा बाप. एक पोतं घ्यायचं तरी काउंटरवरनं वडलांना फोन लावतो, "दादा, कुठलं घेऊ?" वडील फोनवर त्याला न विचारता मला द्यायला सांगतात. रान उत्तम आहे त्यांचं. पोराचं मात्र अजून एकाही गोष्टीत चुकलेलं नाही, कारण चुकायलाच दिलेलं नाही.

गावात एक जण जन्मापासून ठेंगू आहे. तोही खुरटलेलाच ना?

नाही. बहुतेक वेळा ते हाडांच्या वाढीच्या एका जनुकातल्या बदलामुळं होतं. अशी सुमारे ८० टक्के मुलं नेहमीच्या उंचीच्या आई-बापांना होतात. आहाराशी संबंध नाही, आईच्या कुठल्या चुकीशी तर नाहीच. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात १४७ सेंमी किंवा कमी उंचीच्या अशा प्रौढांची नोंद आहे. प्रमाणपत्र काढून द्यायला मदत करा आणि नावानं हाक मारा.

डॉक्टरकडे कधी जायचं?

चार ते दहाच्या वयात वर्षभरात चार सेंमीही वाढ नाही. पाय धनुष्यासारखे वाकलेत, म्हणजे मुडदुसाचा संशय. सुस्ती, बद्धकोष्ठ, कोरडी कातडी, म्हणजे थायरॉइड. मुलीचं म्हणाल तर पाळी सुरू झाल्यावर उंचीला साधारण दोनच वर्षं आणि पाच-सात सेंमी उरतात, त्यामुळं "दहावीनंतर बघू" म्हणू नका. डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघतात, त्याला घाबरायचं कारण नाही. बारवर लटकून उंची वाढत नाही. हात मजबूत होतात.

दाखवायला येताना काय आणायचं?

मुलासाठी: जन्मतारखेचा कागद, लसीचं कार्ड, आधीची मापं कुठं लिहिली असतील ती. सकाळी या, झोपेला आलेलं मूल फळीवर सरळ राहत नाही. उसासाठी: मोबाइलमधला फोटो नको, तोडलेला शेंडा नको. एक बरं आणि एक खुरटलेलं बेट, दोन्ही बुडख्यासकट उपटून, मुळांची माती न झटकता, ओल्या पोत्यात गुंडाळून आणा.